जुनं सामान घ्यायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या शहापुरातला आमचा वाडा पाडला तेव्हा माळ्यावरनं जे काय निघालं त्यातलं निम्मं आम्हीच भंगारात घातलं, वजनावर. आणि पाच-सहा वर्षांनी टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत ठेवायला म्हणून तसलंच एक घंगाळ मीच तिप्पट पैसे मोजून घेऊन आले. घरातले अजून हसतात. तेव्हापासनं मात्र जुन्या सामानाचं वेड लागलं ते लागलंच, आणि मग जाऊबाईंपासून बिल्डिंगमधल्या अण्णांपर्यंत सगळे फोन करून विचारायला लागले की हे घेऊ का, ते खरं आहे का, केवढ्याला मागू. प्रश्न तेच ते असतात म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पहिल्यांदाच घेतोय, सुरुवात कशानं करू?

वस्तू बघायच्या आधी कारागीर बघा. उलटं वाटेल, पण मी हे पैसे घालवून शिकलेय. एकदा ठोक्यांचं भिंतीवरचं घड्याळ आणलं, लंबकाचं, अमेरिकन मशीन, लाकडी पेटी अगदी देखणी. महिनाभर चाललं आणि थांबलं. मग कळलं की आपल्या ओळखीत तसलं मशीन खोलणारा एकच म्हातारा घड्याळजी होता आणि त्यांनी डोळ्यांमुळं काम सोडलेलं. दोन वर्षं ते घड्याळ सव्वाचार वाजवत भिंतीवर लटकत होतं. तेव्हापासनं माझा नियम असा की जी वस्तू बिघडली तर तासाभराच्या अंतरात दुरुस्त करणारा माणूस आहे, तीच घ्यायची.

म्हणून आधी जरा विचारपूस करा. वेताची खुर्ची विणणारा कोण आहे, कल्हई कोण करतं, जुन्या सांध्याचं काम येणारा सुतार कोण (प्लायवुडवाला नव्हे), पितळेला झाळ (धातूचा जोड, सोल्डर) कोण लावतं. ज्याचा नंबर मिळाला त्याच्या हाताखालची वस्तू पहिली घ्या. बहुतेकांना सुतार आणि वेतवाला मिळतो, म्हणजे खुर्चीनं सुरुवात होते, आणि ती चांगलीच सुरुवात आहे, कारण खुर्ची रोज वापरात येते आणि फसलात तरी थोडक्यात फसता.

विकत घ्यायच्या आधी अजून काही करायला पाहिजे?

होय की. आजोळी जाऊन या. नंदगड, खानापूर, येळ्ळूर, कडोली, जिथं कुठं तुमचं मूळ घर असेल तिथला माळा, गोठा, न्हाणीघराचा कोपरा बघा. कोंबड्यांना पाणी ठेवलेलं भांडं जरा घासून बघा, तांब्याचं निघतं. माझ्या मावशीकडं जळणावर टाकायला काढलेली काठवट होती, पीठ मळायची परात, एकसंध लाकडाची, आता माझ्या टेबलावर फळं ठेवायला आहे. पण मागताना नीट मागा हां, गुपचूप उचलून आणू नका, त्यावरनं भावकीत बोलणं बंद झालेलं मी बघितलंय.

दुकानदार म्हणतो शंभर वर्षं जुनं आहे. खरं कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे दुकानदाराची गोष्ट ऐका, चहा प्या, पण गोष्टीचे पैसे देऊ नका. आपल्याकडं 1924 ला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं ना, तर त्या अधिवेशनातली खुर्ची म्हणून मला आत्तापर्यंत चार खुर्च्या दाखवल्यात, चारही वेगळ्या डिझाइनच्या, एकीला तर सनमायका.

दुसरं, आपल्या भागाचं एक बरं आहे. आपण जागचे हललो नाही पण राज्यं आणि नावं बदलत गेली, आणि ती वस्तूवर छापलेली सापडतात. दुकानाची पाटी, भांड्यावरचा शिक्का, तिजोरीवरची पट्टी, बरणीवरचं लेबल, डब्याचं झाकण, जे काय असेल त्यावरचा पत्ता वाचा. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा नुसतं बेळगाव आणि बॉम्बे असं असेल तर त्याच्या आधीचं. मग म्हैसूर राज्य, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला. म्हणजे बेळगावच्या पत्त्यात म्हैसूर स्टेट लिहिलेलं दिसलं की 1956 ते 1973 मधलं, सरळ हिशोब. इंग्रजीत Belgaum ऐवजी Belagavi हे स्पेलिंग असेल तर 2014 च्या नंतरचं (कन्नडमध्ये बेळगावी आधीपासनंच लिहितात), मग तो कितीही गंजलेला बोर्ड असू दे. आणि शहापूर तर सांगली संस्थानात होतं, ते 1948 ला विलीन झालं, त्यामुळं एखाद्या जुन्या पेटीवर शहापूर, सांगली संस्थान असं दिसलं तर ती जपून ठेवा, मला पण दाखवा.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 च्या ऑगस्टनंतरचं, कारण पिनकोड तेव्हाच सुरू झाले. किंमत आण्यात असेल तर साधारण 1957 च्या आधीचं, नये पैसे लिहिलं असेल तर 1957 ते 1964. चेकोस्लोव्हाकिया असेल तर 1918 च्या आधीचं असूच शकत नाही, तो देशच नव्हता. इराणी हॉटेलात असायच्या तसल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या उलट्या करून सीटच्या खाली बघा, पुष्कळदा तिथं कागदी लेबल किंवा भाजलेला शिक्का असतो.

तिसरं, वस्तू उलटी करायचीच. दुकानदार वरनं पॉलिश मारतो, खालनं कोण मारतंय? ड्रॉवर काढून मागची फळी बघा. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ असतात पण एकसारख्या नसतात, मशीनच्या गोल करवतीनं कमानीसारख्या गोलसर रेघा उठतात. प्लस खाचेचा स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात आला, आपल्याकडं तर त्याच्याही बराच नंतर, तेव्हा शंभर वर्षांच्या कपाटाला सगळे प्लस स्क्रू असले तर एक तर ते शंभर वर्षांचं नाही नाहीतर परवाच दुरुस्त केलंय. दुरुस्ती म्हणजे वाईट नव्हे, पण मग भाव त्याप्रमाणे.

आणि झीज कुठं झालीय ते बघा. खऱ्या वापरानं खुर्चीचे हात पुढच्या टोकाला गुळगुळीत होतात, कपाटाचं दार कडीजवळ काळपट होतं, पाटाच्या मधोमध जरासा खळगा पडतो. सगळीकडं सारखीच झीज, सारखेच ओरखडे असले तर ते साखळीनं मारून केलेलं जुनेपण. जोधपूरकडनं आंब्याच्या लाकडाचं असलं नवं-जुनं फर्निचर ट्रक भरभरून येतं. दिसायला छान असतं, हवं असेल तर घ्या, पण नव्याच्या भावात घ्या.

मंगलोरी कौलावर 1865 छापलंय, म्हणजे कौल तेव्हाचं?

नाही हो. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 ला काढला, ते साल ते कौलावर छापत राहिले. कौल त्यानंतर कितीतरी दशकांनी भाजलेलं असू शकतं. कौलं घ्या, बागेत कडेला लावायला सुंदर दिसतात, पण सालाचे जादा पैसे नकोत.

सागवान, शिसवी, की नुसतं पॉलिश?

दांडेली, खानापूरचं जंगल जवळ असल्यामुळं आपल्याकडच्या जुन्या घरांत लाकूड चांगलं वापरलेलं असतं, पण सगळंच सागवान नसतं. फणसाचं असतं, ऐनाचं असतं, बिबळा असतो, जांभूळसुद्धा. दुकानात मात्र सगळ्याचं नाव सागवान.

सागवान न दिसणाऱ्या जागी नखानं किंवा सँडपेपरनं थोडं घासलं की चामड्यासारखा वास येतो आणि हाताला जरा तेलकट लागतं. शिसवी जड, आत जांभळट-काळे पट्टे, घासल्यावर गोडसर वास. शिसवीची खुर्ची एका हातानं सहज उचलली गेली तर शंका घ्या. फणस आधी पिवळा असतो आणि वर्षानुवर्षं तपकिरी होत जातो, म्हणून आतल्या सांध्यात पिवळसर दिसला तर तो फणस, आणि फणस वाईट नाही बरं का, देव्हारे, पाट, चौरंग फणसाचे उत्तम टिकलेत. माझा स्वतःचा कल फणसाकडं, कारण लोकांना त्याचं नाव माहीत नसतं म्हणून स्वस्त मिळतो.

पॉलिश काढून नवंकोरं करायची घाई करू नका. आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग जरा जवसाचं तेल. निम्म्या वेळेला तेवढंच पुरतं.

भुंगा, वाळवी लागलेलं घ्यावं का?

आपल्याकडं पावसाळा म्हणजे चार महिने भिंतींना ओल, कपाटात बुरशी, मग किडीला काय पाहिजे? लाकडात टाचणीएवढी भोकं दिसली तर लगेच नाही म्हणू नका. काळा कागद खाली पसरा, लाकडावर जोरात हात आपटा. ताजा पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. काहीच पडलं नाही आणि भोकं आतनं काळपट असली तर जुनी गोष्ट, इलाज होतो. वाळवीचं मात्र वेगळं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला की आत काही उरलेलं नाही, वरची साल तेवढी आहे. फुकट दिलं तरी घरात आणू नका, घरातल्या बाकीच्या लाकडाला लागेल.

शक्यतो लाकडी सामान मार्च ते मे मध्ये घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, ड्रॉवर अडकतो, दुकानदार म्हणतो ऊन पडल्यावर बसेल, आणि तो कधीच बसत नाही. शिवाय वाडे पाडायचं कामही पावसाच्या आधी उरकतात, तेव्हा माल जास्त येतो.

तांब्या-पितळेचं काय काय घ्यावं? त्यात शिजवता येतं का?

इथं मी जरा जास्त बोलणार, माझा लाडका विषय.

बसायच्या खोलीत ठेवायला घंगाळ, लामणदिवा, समई, पानाचा डबा, अडकित्ता हे सगळे घेतातच, आणि त्यामुळंच त्यांचे भाव चढलेत. मी म्हणते रोज हाताला लागेल असं घ्या. पाणी भरायला तांब्याची कळशी. पितळी सोऱ्या, त्याच्यासारखी चकली नव्या ॲल्युमिनियमच्या सोऱ्यात होत नाही, दाबताना वाकत नाही ना. जाड बुडाचं पातेलं. खलबत्ता लोखंडी घ्या नाहीतर पितळी, पण तळाला चीर नको, वाजवून बघा, घंटेसारखा वाजला पाहिजे, थाप पडल्यासारखा नव्हे. माप, मापटं, चिपटं, शेर असली धान्याची मापं मिळाली तर त्यावर सरकारी तपासणीचे शिक्के शोधा, मेट्रिक मापं आल्यावर हे सगळं बाद झालं म्हणून भंगारात गेलं, आता पेन ठेवायला एकदम झकास.

पारख अशी: लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटला की आत लोखंड, वर पितळी मुलामा. मग वजन. जुनं घडीव भांडं हातात घेतल्या घेतल्या कळतं, आणि ठोक्यांचे डाग एकसारखे नसतात. बंब घेत असाल तर दुकानातच पाण्यानं भरून तासभर ठेवायला सांगा, मधल्या नळीच्या झाळेतनं गळतो. दुकानदार कुरकुर करेल. करू दे. माझा पहिला बंब घरी आल्यावर गळला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

शिजवायचं म्हणाल तर कल्हईशिवाय नाही. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो, लोणचं, आंबट काहीही उघड्या तांब्या-पितळेत ठेवलं की कळकतं, पोटाला त्रास होतो, आजीला हे शिकवायला लागत नव्हतं. साधं पाणी तांब्यात चालतं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, कथील 232 अंशालाच वितळतं, म्हणून भांडं नुसतं रिकामं तापत ठेवलं की कल्हई उडाली म्हणून समजा. फोडणी वगैरे लोखंडी कढईतच करा.

कल्हई करताना समोर उभं राहा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर उठतो, मग कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसायचं, चांदीसारखं लखलखतं, लहान मुलं तर बघतच राहतात. पण विचारा की कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना. काम झाल्यावर पांढऱ्या फडक्यानं खसखसून पुसा, काळपट राखाडी उतरत राहिलं तर त्या भांड्यात शिजवू नका. आणि जुन्या भांड्याला ठिगळ, झाळ दिसली तर ती झाळ बहुतेक शिसं असलेली असते, ते भांडं शोभेला.

भांड्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घातलंय. घ्यावं की नको?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचीच माणसं विचारतात आणि मला तो फार आवडतो. आपल्यात लग्नात, मुंजीत भांडी द्यायची म्हणजे नाव घालूनच, चि. सौ. कां. अमुकला तमुककडनं सप्रेम भेट. मग तिच्या नातसुना ते वजनावर घालतात आणि तुमच्या हातात येतं.

मी घेते. नाव घासून काढत नाही. माझ्याकडं एक फुलपात्र आहे, एका बाजूला मराठीत नाव आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये दुसरं नाव, म्हणजे ते भांडं एका घरातनं दुसऱ्या घरात आहेर म्हणून फिरलेलं दिसतंय, आहेर फिरवायची पद्धत काय आजची नाही. तारीख असेल तर आणखी चांगलं, वस्तूचं वय फुकटात कळतं. फक्त रोज पितांबरी नाहीतर चिंच-मीठ लावून घासू नका, अक्षरं झिजतात. सणासुदीला घासलं तरी पुरे.

पण तुम्हाला खटकत असेल तर घेऊ नका, इतकं साधं आहे. गळ्यात घालून घ्यायची वस्तू नाही ती.

जुनी मूर्ती, टाक, किंवा शिकारीची शिंगं मिळतायत…

इथं थांबा.

शंभर वर्षांवरची मूर्ती, चित्र, कोरीव काम हे 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर 75 वर्षांचीच मर्यादा. असल्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, मूर्तींसारख्या वस्तूंची पुरातत्त्व खात्याकडं नोंद करावी लागते, आणि परदेशातल्या मुलाला पाठवतो म्हणाल तर ते बंदच. दगडी मूर्ती, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) कुणी विकत असेल तर ते कुठल्या तरी देवळाजवळनं नाहीतर शेताच्या बांधावरनं उचललेलं असायची शक्यता जास्त. माझं स्पष्ट मत, हात लावू नका. देवाचे टाक विकायला आलेले दिसले की मला वाईट वाटतं, कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले ते, पण घेऊन तुम्ही करणार काय? पुजायचे नसतील तर शोकेसमध्ये टाक बरे दिसत नाहीत.

शिंगं, कातडं, हस्तिदंत याबद्दल तर चर्चाच नको. खानापूरकडच्या, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांमध्ये सांबराची शिंगं भिंतीवर असायची, त्यामुळं ती अधूनमधून बाजारात डोकावतात. वन्यजीव कायद्याखाली त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. वारसानं आलेलं असलं तरी वनखात्याचं मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि विकता तर येतच नाही. सुरीची मूठ, काठीचं टोक, बटणं यातसुद्धा शिंग किंवा हस्तिदंत असतं, नीट बघा.

रेडिओ, ग्रामोफोन, घड्याळ?

मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्वचे रेडिओ अजून मिळतात आणि धारवाड, सांगली ऐकत वाढलेल्यांचा जीव त्यात अडकतो, माझ्या सासऱ्यांचा अडकलाय. पण मिळाला की लगेच प्लगात घालून बघू नका! आतले कंडेन्सर सुकलेले असतात, धूर निघतो. माहीतगार मेकॅनिक आधी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करतो. आत दोनशे व्होल्टच्या वर डीसी असतं आणि बंद केल्यावरही थोडा वेळ राहतं, मुलांना मागचं झाकण उघडू देऊ नका. दुरुस्त करणारा माणूस नसेल तर नुसता डबा म्हणून घ्या आणि डब्याचेच पैसे द्या.

ग्रामोफोनबद्दल एकच सांगते, लखलखीत पितळी कर्णा, चौकोनी पेटी, वर कुत्र्याच्या चित्राची नवी पट्टी, असं दिसलं की शंभरातले नव्वद वेळा ते हल्लीच जोडलेलं. खरे कर्णे पुष्कळदा रंगवलेल्या पत्र्याचे असायचे. आणि त्यावर वाजतात त्या 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, स्टीलची सुई दर बाजूला बदलायची असते. त्यावर नवीन व्हिनाइल लावली तर तिचा सत्यानाश होतो, आमच्याकडं झालाय.

एचएमटी घड्याळं बंगळूरला 1961 ला सिटिझनच्या मदतीनं सुरू झाली आणि 2016 ला कंपनी बंद झाली, त्यानंतर जनता मॉडेलचा भाव वाढला. डायल भडक निळी-लाल-हिरवी आणि अक्षरं जाडजूड असली तर डायल नव्यानं रंगवलेली आहे. आजोबांच्या ड्रॉवरमध्ये बघा आधी.

राजा रविवर्म्याचं जुनं चित्र म्हणून देतोय, घेऊ?

भिंग घेऊन जा, दहा पटीचं असलं की झालं. रविवर्म्यानं 1894 ला मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तिथली चित्रं दगडावरच्या छपाईची. भिंगातनं त्या छपाईचे ठिपके बारीक आणि अनियमित, हातानं टोचल्यासारखे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईचे ठिपके मात्र अगदी शिस्तीत, छोट्या फुलांसारख्या नक्षीत बसलेले असतात. हा फरक एकदा डोळ्यानं बघितला की परत कधी फसत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद मागनं सगळीकडं सारखाच पिवळा असतो, खरा जुना कुठं जास्त, कुठं कमी पिवळा.

चिनी मातीच्या बरण्या, इनॅमलच्या थाळ्या, जुना पाळणा वापरात आणू का?

शोभेला सगळं चालेल. वापरायला सांभाळून. जुन्या झिलईत आणि रंगात शिसं असू शकतं, आणि लोणच्यासारखं आंबट-खारट त्यात महिनोन्‌महिने राहिलं की ते उतरतं. आतनं झिलई तडकलेली, इनॅमलचे टवके उडालेले असले तर त्यात खाऊ नका. आजीचं लोणचं त्यात असायचं हे खरं, पण आजीच्या बरणीला तेव्हा तडे नव्हते.

पाळण्याचं जास्त गंभीर. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाखात 90 भाग) मर्यादा आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याच्या आधीचा रंग कसला आहे कोण सांगणार, आणि दात येणारं पोर पहिल्यांदा पाळण्याची कडाच चावतं. कोरडा सँडपेपर मारून घरात भुकटी उडवू नका, ओलं करून घासा, घराबाहेर, मुलं आणि गरोदर बाई जवळ नसताना. मी तर म्हणते रंगवलेला पाळणा टांगा आणि त्यात झाडं ठेवा.

कुठं घ्यायचं आणि भाव कसा करायचा?

मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात बघायला जरूर जा, डोळा तयार होतो. पण घ्यायला आपलाच भाग बरा, कारण तिथला निम्मा माल आपल्यासारख्याच गावांतनं गेलेला, आणि मध्ये चार हात. इथल्या भंगारवाल्यांशी ओळख ठेवा, पाडकामाचं कंत्राट घेणाऱ्यांशी तर जास्तच. त्यांना फोन नंबर देऊन ठेवा, नेमकं काय पाहिजे ते सांगून ठेवा, काहीही आलं तर कळवा असं म्हणू नका, रोज फोन येतील.

पितळ-तांब्याला आधी त्या दिवशीचा मोडीचा भाव विचारून घ्या आणि भांडं वजन करायला लावा. मोडीवर थोडं जास्त देणं वाजवी, घडणावळ म्हणून. दुपटीच्या वर मागितले तर तो गोष्टीचे पैसे मागतोय.

गोकाक, बैलहोंगलकडं गेलात तर मोडकंतोडकं का होईना कन्नड बोला. एष्ट्री, स्वल्प कडिमे माड्री (केवढ्याला, जरा कमी करा), एवढं आलं तरी माणूस हसतो आणि हसला की कमी करतो. निपाणी, संकेश्वरला मराठीत भागतं. आणि घासाघीस करताना वस्तूला नावं ठेवू नका, ती त्यानं कुणाच्या तरी घरातनं पाठीवर वाहून आणलेली असते.

फ्लॅट लहान आहे, काय मावेल?

टेप घेऊन जा. वस्तू मापायच्या आधी स्वतःचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मापा. ओळखीतल्या एकांनी चार खांबांचा पलंग घेतला, छोटा हत्ती टेम्पोत घालून आणला, आणि तो जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकला. जुने पलंग, कपाटं बहुतेक सुटे होतात, फक्त खुंट्या कुठल्या ते माहीत पाहिजे, म्हणून विकणाऱ्यालाच सोडून दाखवायला सांगा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

झोपाळा घ्यायची हौस सगळ्यांना. स्लॅबमध्ये हूक असल्याशिवाय नको, वाड्यात कडीपाटाला टांगलेला असायचा आणि तुमच्याकडं फॉल्स सीलिंग आहे. एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू बरी दिसते असं माझं मत, नाहीतर म्युझियम होतं आणि पुसून पुसून कंबर जाते.

सासूबाई म्हणतात, कुणाच्या मेलेल्याची कॉट घरात नको.

मग खुर्ची घ्या. सासूबाईंशी भांडायला कॉट कशाला पाहिजे.

आमचाच वाडा पाडायचाय, काय ठेवून घेऊ?

हा फोन आला की मी बाकी सगळं सोडून बोलते. पहिलं म्हणजे पाडायच्या महिनाभर आधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा, वस्तू जागेवर असताना, कोनाड्यांसकट. मग वरनं खाली या: कौलं, कडीपाट, तुळया, दारं, चौकटी, कड्या-कोयंडे. मुख्य दार चौकटीसकट काढा, नुसती फळ्यांची जोडी ठेवली तर पुढं बसवता येत नाही, बिजागऱ्यांऐवजी पुष्कळ दारं खालच्या-वरच्या खुंट्यांवर फिरतात आणि ती भोकं चौकटीत असतात. तुळया कापू देऊ नका, पाडणारे ट्रकमध्ये मावावं म्हणून करवत लावतात, आणि एकदा दोन तुकडे झाले की टेबलाचा टॉपसुद्धा नीट निघत नाही. जातं, पाटा, उखळ हे जमिनीत पुरलेलं असेल तर आधी उकरून घ्या, ते जेसीबीखाली पहिलं फुटतं. कंत्राटदाराशी लिहून घ्या की कुठलं लाकूड तुमचं आणि कुठलं त्याचं, आमच्या वेळेला तोंडी ठरलं होतं आणि देवघराची चौकट कुठं गेली ते आजपर्यंत कळलं नाही. आणि दिसली कुठं तर फोन करा, वरच्या पट्टीवर मोदकासारखी नक्षी आहे आणि उजव्या बाजूला मी लहानपणी करकटकानं कोरलेला एक क आहे.